काळा रंग, कडक बिअर? स्टाउट आणि ६७ अंशांचं गणित

काळी बिअर समोर आली की बरेच जण बिचकतात. ही कडक असणार, पोटाला जड पडणार, असं नुसत्या रंगावरून ठरवून टाकतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. भाजलेल्या दाण्यांपासून केलेल्या काळ्या बिअरला स्टाउट म्हणतात, आणि गिनेस ही जगातली सर्वांत नावाजलेली स्टाउट. तिच्या ड्राफ्ट प्रकारात अल्कोहोल ४.२ टक्के असतं, तर पुष्कळशा पिवळ्या लागर बिअर ५ टक्क्यांच्या आसपास असतात. हा गैरसमज मुळापासून जायचा असेल तर चार लिटर स्टाउट स्वतः बनवून पाहावी. रंग कुठून आला आणि अल्कोहोल कुठून, हे त्यात वेगवेगळं दिसतं. घरी बिअर बनवण्याबाबतचा कायदा जागोजागी वेगळा आहे, तो मात्र आधी पाहून घ्यावा.

सामान थोडकं लागतं. फिकट बार्ली माल्ट (भिजवून, अंकुर फुटू लागताच वाळवलेली बार्ली) ८०० ग्रॅम, ओट्स १०० ग्रॅम, भाजलेली बार्ली ९० ग्रॅम, हॉप्स (कडवटपणासाठी घालायची एका वेलीची फुलं) १२ ग्रॅम आणि एल यीस्टची ३-४ ग्रॅम पूड. माल्ट आणि बार्ली भरडलेली हवी, पीठ केलेली नको.

सगळा काळेपणा त्या ९० ग्रॅममधून येतो. बार्ली २०० अंश सेल्सिअसच्या वर भाजली की तिच्यातल्या शर्करा आणि अमिनो आम्लांच्या अभिक्रिया होतात, पुढे दाणा करपायच्या बेतात येतो, आणि रंगाबरोबर कॉफीची आठवण करून देणारा कडसर वास तयार होतो. १८१७ साली डॅनियल व्हीलरने इंग्लंडमध्ये माल्ट भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून बहुतांश फिकट माल्ट आणि चिमूटभर काळा माल्ट वापरून गडद बिअर बनवणं शक्य झालं. इतक्या उष्णतेत दाण्यातली विकरं (एन्झाइम) निकामी होतात. त्यामुळे भाजलेली बार्ली रंग आणि चव देते. अल्कोहोलमध्ये तिचा वाटा नगण्य.

आता खरी गंमत. यीस्ट स्टार्च खाऊ शकत नाही, त्याला साखर लागते. बार्लीत तर स्टार्चच ठासून भरलेला. तो फोडायची सोय बीजाने स्वतःच करून ठेवलेली असते. दाणा भिजला की आतला अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो, त्या इशाऱ्यावर दाण्याच्या बाहेरच्या थरात अल्फा-अमायलेज हे विकर तयार व्हायला लागतं, आणि आधीपासून बांधून ठेवलेलं बीटा-अमायलेजही मोकळं होतं. ही सगळी तयारी रोपट्याला अन्न मिळावं म्हणून. माल्ट करणारा नेमक्या याच वेळी दाणा वाळवतो. विकरं तयार असतात, पण पाण्यावाचून थांबून राहतात. १८३३ साली पायन आणि पर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी माल्टच्या अर्कातूनच स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा काढला आणि विकरांच्या अभ्यासाला तिथून सुरुवात झाली.

साडेसहा लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवा, त्यात कापडी पिशवीतले दाणे सोडा. तापमान ६७ च्या आसपास उतरेल. भांडं गुंडाळून तासभर तसंच ठेवा. या तासात काय घडतं? स्टार्चचे घट्ट कण फुगून उकलतात. स्टार्चचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ, कुठे सरळ तर कुठे फाटे फुटलेली. बीटा-अमायलेज माळेच्या टोकाला बसतं आणि दोन-दोन मणी तोडत जातं. ही दोन मण्यांची जोडी म्हणजे माल्टोज, यीस्टचं आवडतं खाद्य. फाटा जवळ आला की मात्र ते अडतं. अल्फा-अमायलेज टोकाची वाट पाहत नाही, मधेच कुठेही तोडतं, त्यामुळे बीटाला नवी टोकं मिळतात. पण फाट्यापाशी तोडणं दोघांनाही जमत नाही. तिथे उरलेले तुकडे म्हणजे डेक्स्ट्रिन. यीस्ट ते खात नाही आणि तेच पेल्यात भरीवपणा देतात.

बीटा-अमायलेज नाजूक आहे. ६० ते ६५ अंशांत ते जोमात असतं, त्यावर गेलं की भराभर निकामी होतं. अल्फा ७० च्या आसपासही टिकून राहतं. म्हणून तेच दाणे ६४ अंशांवर भिजवले तर माल्टोज जास्त, बिअर कोरडी आणि अधिक कडक. ६९ वर भिजवले तर डेक्स्ट्रिन जास्त, बिअर भरीव आणि सौम्य. रंग दोन्हींचा सारखाच काळा! नवशिक्याने पैसे खर्च करायचेच तर चांगल्या थर्मामीटरवर करावेत.

स्टार्च संपला का, हे शाळेतल्या आयोडीनच्या चाचणीने कळतं. पांढऱ्या बशीत द्रवाचा थेंब घ्या, शेजारी आयोडीनचा थेंब टाकून दोन्ही मिसळा. निळा-काळा रंग आला तर अजून थांबा. तो थेंब फेकून द्यायचा, भांड्यात परत टाकायचा नाही. काळ्या द्रवात हा रंग ओळखणं अवघड जातं, म्हणून भाजलेली बार्ली शेवटच्या पंधरा मिनिटांत घालावी. पाणी फार जड (क्षारांचं) असेल तर मात्र ती सुरुवातीलाच घाला: भाजलेले दाणे आम्लधर्मी असतात, त्यांनी मिश्रणाचा सामू (pH) ५.२ ते ५.६ या, विकरांना मानवणाऱ्या टप्प्यात उतरतो. डब्लिनच्या जड पाण्याशी काळ्या बिअरचं जमलं त्यामागे हेही कारण आहे.

पुढचं चटकन सांगता येतं. पिशवी काढून निथळा, द्रव तासभर उकळा, उकळी फुटताच हॉप्स घाला. उकळण्याने हॉप्समधली अल्फा आम्लं रूप बदलून विरघळतात आणि कडवटपणा येतो. मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून द्रव २० अंशांपर्यंत गार करा. इथून पुढे जे जे त्याला लागेल ते निर्जंतुक हवं, यात तडजोड नाही. यीस्ट टाका, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारं बूच) लावा आणि १८-२० अंशांत दोन आठवडे ठेवा. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं, तेही विकरांच्याच जोरावर. एडुआर्ड बुखनरने १८९७ मध्ये जिवंत पेशींशिवाय, नुसत्या यीस्टच्या रसाने किण्वन घडवून दाखवलं आणि त्यासाठी १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं.

स्टाउट रक्त वाढवते, बाळंतिणीला चांगली, हा समज एकेकाळी आयर्लंड-ब्रिटनमध्ये जोरात होता. त्याला आधार नाही. त्यातलं लोह नगण्य आहे, आणि गरोदरपणात अल्कोहोल बाळाला घातकच. औषध म्हणून कोणी हिची शिफारस करत असेल तर ऐकू नये.

बाटलीत भरण्यापूर्वी हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं साधन, लावा. सुरुवातीला घनता १.०४५ च्या आसपास असेल, शेवटी १.०१२ च्या. फरकाला १३१ ने गुणा: अल्कोहोल साधारण ४.३ टक्के. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा दोनदा आला तरच भरा. साखर उरलेली असताना भरलेली बाटली वायूच्या दाबाने फुटते आणि काचा उडतात. लिटरमागे ५ ग्रॅम साखर पाण्यात उकळून घाला आणि सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या वापरा. दाबून पाहिल्यावर बाटली टणक लागली की आत पुरेसा वायू झाला. मग ती फ्रीजमध्ये ठेवावी.