अफवा कुणाची, जीव कुणाचा

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची माणसं भिक्षा मागत तिथे आली होती, त्यातली बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातली. त्यांच्यातलं कुणी एका लहान मुलीशी बोलताना दिसलं आणि ‘पोरं पळवणारी टोळी आली’ अशी हाकाटी झाली. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जमावाने मारून टाकलं.

त्याआधी कितीतरी दिवस मोबाइलवर मुलं पळवणाऱ्यांचे संदेश फिरत होते. त्या काळात देशभर पसरलेला एक व्हिडिओ नीट पाहण्यासारखा आहे. गल्लीत पोरं क्रिकेट खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका पोराला उचलून पसार होतात. मूळ फीत कराचीतली, पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम चित्रित केलेली. तिच्या शेवटी तेच दोघे परत येतात, पोराला सुखरूप उतरवतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. एवढाच तुकडा कुणीतरी कापला. खोटं रचायला नवं काही बनवावं लागलं नाही, शेवट उडवला की भागलं.

असा मजकूर आपल्याला का पटतो? १९७७ साली अमेरिकेत हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधानं ऐकवली. काही विधानं दर वेळी तीच होती. खरी असोत वा खोटी, पुन्हा पुन्हा कानावर पडलेली विधानं विद्यार्थ्यांना अधिकाधिक खरी वाटू लागली. ओळखीची गोष्ट मेंदूला सहज पचते आणि त्या सहजतेलाच तो खरेपणा समजतो. तोच फॉरवर्ड भावकीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, मग मित्राकडून आला की नेमकं हेच होतं.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा प्रवास तपासला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागला. यंत्राने चालणारी खाती वगळून पाहिली, तरी निष्कर्ष बदलला नाही. पसरवणारी माणसंच होती.

पण अफवा सगळ्यांकडे पोचत असली, तरी तिचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही, आणि मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. गाडीने आलेल्या, ओळखीचा सरपंच असलेल्या पाहुण्याला कुणी पोरं पळवणारा म्हणत नाही. ज्याचा वेश वेगळा, बोली वेगळी, ज्याच्यासाठी गावात शब्द टाकणारं कुणी नाही, तो सापडतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय मात्र मागे राहिला. अफवेला असा तयार संशय आयता मिळतो.

राजकारणालाही तो मिळतो. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेने खवळलेल्या जमावाच्या हाती सापडले आणि मारले गेले. टाळेबंदीत चोर फिरताहेत, मुलं पळवताहेत, अशी ती अफवा होती. पण मृत्यूनंतर दुसरंच खोटं पसरलं. घटनेच्या व्हिडिओत कुणीतरी ‘ओये बस’ ओरडतं, ते ‘शोएब बस’ आहे असं सांगून हल्ल्याला धार्मिक रंग दिला गेला. गोंगाटातला अस्पष्ट आवाज मेंदू अपेक्षेप्रमाणे भरून काढतो, त्यामुळे व्हिडिओवरची ओळ आधी वाचली की कानाला तेच ऐकू येतं. अटक झालेल्या १०१ जणांची यादी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लीम नाही, हे सांगितलं. तोवर दावा देशभर फिरून आला होता. गावकऱ्यांची भीती आणि गावापर्यंत न पोचलेली पोलिसांची मदत, यावर व्हायला हवी होती ती चर्चा बाजूलाच राहिली.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. त्याने वेग कमी होतो, पण संशय तसाच राहतो. बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या काळात मतदारांना घरी जाऊन खोट्या बातम्या कशा ओळखायच्या हे तासभर शिकवून पाहिलं, त्याचा एकंदरीत फारसा उपयोग झाला नाही. नंतर तिथेच १३ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या मुलांचे गावच्या वाचनालयात चार वर्ग घेतले: बातमी कुठून आली हे कसं शोधायचं, पुढे पाठवण्याआधी काय तपासायचं. चार महिन्यांनीही या मुलांना खरं-खोटं इतरांपेक्षा चांगलं ओळखता येत होतं, आणि त्यांच्या आईवडिलांमध्येही सुधारणा दिसली. महाराष्ट्रात गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. असे वर्ग तिथे आता सुरू व्हायला हवेत, आणि सुरुवात आठवडे बाजाराच्या, भटक्यांचं येणंजाणं असलेल्या गावांपासून करावी.