आरअँडडी ऑफशोअरिंग

टेक कंपनीने नवं प्रॉडक्ट घडवायचं काम, म्हणजे संशोधन, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, आपल्या देशातून उचलून दुसऱ्या देशात नेणं याला आरअँडडी (रिसर्च अँड डेव्हलपमेंट, म्हणजे संशोधन आणि विकास) ऑफशोअरिंग म्हणतात. काम कंपनीच्याच परदेशी सेंटरकडे गेलं तर ते कॅप्टिव्ह (अलीकडे जीसीसी, म्हणजे ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर, हे नाव जास्त चालतं), आणि बाहेरच्या सर्व्हिस कंपनीकडे गेलं तर ते आउटसोर्सिंगही झालं. ऑफशोअरिंग आणि आउटसोर्सिंग या दोन शब्दांची गल्लत कायम होते, पण काम कुठे गेलं आणि कुणाकडे गेलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कॉल सेंटर, बॅक ऑफिस यात धरत नाहीत.

सुरुवात

याबद्दल एकमत नाही, आणि वाद बराचसा व्याख्येचा आहे. परदेशात नुसती लॅब असणं खूप जुनं आहे. आयटीटी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या पॅरिसच्या लॅबमध्ये अ‍ॅलेक रीव्ह्ज यांनी १९३७ च्या सुमारास पल्स कोड मॉड्युलेशन शोधलं, म्हणजे आवाजाचे आकडे करून पाठवायची पद्धत, आणि पुढे त्याच ग्रुपच्या इंग्लंडमधल्या हार्लोच्या लॅबमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये काचेच्या तंतूतून संदेश लांबवर नेता येतील हे मांडलं, ज्यासाठी काओंना २००९ चं नोबेल मिळालं. त्यामुळे काहीजण सुरुवात दोन महायुद्धांच्या मधल्या काळात नेतात. अडचण अशी की या लॅब विकत घेतलेल्या युरोपियन टेलिफोन कंपन्यांच्या अंगानेच वाढल्या होत्या, अमेरिकेतलं कुणाचं काम उचलून तिथे नेलेलं नव्हतं.

आयबीएमच्या झुरिक लॅबचंही (१९५६) तसंच. तिथून एकेक अणू दाखवणारा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप आला, उच्च तापमानाची सुपरकंडक्टिव्हिटी (विरोधाशिवाय वीज वाहणं) आली, १९८६ आणि १९८७ अशी लागोपाठ दोन वर्षं नोबेल आली, पण ती लॅब युरोपातले शास्त्रज्ञ मिळावेत म्हणून काढलेली होती, आणि ती निघाल्यामुळे अमेरिकेतली लॅब काही लहान झाली नाही.

खरे दावेदार दोनच राहतात. एक १९७४, जेव्हा ईप्रॉम मेमरीचे (पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप) शोधक डोव्ह फ्रोमन इस्रायलला परतले आणि इंटेलने हैफाला डिझाइन सेंटर काढलं. पहिल्या आयबीएम पीसीत (१९८१) असलेला ८०८८ प्रोसेसर तिथेच डिझाइन झाला, म्हणजे कंपनीचं मुख्य प्रॉडक्ट परदेशात घडलं. दुसरा १९८५, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं बंगळूरचं सेंटर, जे सॅटेलाइट लिंकने अमेरिकेतल्या टीमला जोडलेलं होतं. १९८५ धरणं जास्त पटतं. हैफा सेंटरमागे मुख्यतः एक माणूस होता, बंगळूरला मात्र पगारातला फरक, इंजिनियरांचा मोठा पुरवठा आणि रोजचं काम सॅटेलाइटवरून इकडून तिकडे जाणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, आणि नंतरची जवळपास सगळी सेंटरं त्याच वाटेने गेली.

१९९० नंतर वेग वाढला. सॅमसंग बंगळूरला १९९६ मध्ये, मायक्रोसॉफ्ट बीजिंग आणि हैदराबाद दोन्हीकडे १९९८ मध्ये, आणि चीनची ह्वावेसुद्धा १९९९ मध्ये बंगळूरला आली, तेव्हा ही फक्त अमेरिकन कंपन्यांची गोष्ट आहे असं समजू नये. पोलंड, रोमानिया, युक्रेन, मेक्सिको इथेही बरंच काम गेलंय.

आर किती, डी किती

ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या फ्रास्काती मॅन्युअलपासून (१९६३, आरअँडडी मोजायची नियमपुस्तिका) मूलभूत संशोधन, उपयोजित संशोधन आणि प्रायोगिक विकास असे तीन भाग करतात. कंपन्या आपल्या हिशोबात मात्र तिन्हींचा एकच आकडा दाखवतात, त्यामुळे आरअँडडी परदेशी गेलं असं वाचलं की डोळ्यासमोर लॅब येते आणि प्रत्यक्षात गेलेलं असतं ते बहुतेक वेळा डी.

चिपचं उदाहरण घेतलं की हे नीट कळतं. आधी आर्किटेक्चर म्हणजे चिपची एकूण रचना ठरते, मग आरटीएल कोड (चिपच्या आतलं काम कसं चालेल याचं वर्णन) लिहितात, मग व्हेरिफिकेशन म्हणजे तो कोड ठरल्याप्रमाणे चालतो का हे लाखो टेस्ट चालवून बघायचं, मग फिजिकल डिझाइन म्हणजे चिपवर प्रत्यक्ष मांडणी, शेवटी टेपआउट म्हणजे डिझाइन कारखान्याकडे पाठवणं. सगळ्यात जास्त माणसं व्हेरिफिकेशनला लागतात आणि ते तुकड्यातुकड्यात वाटता येतं, म्हणून बाहेर जाताना ते पहिलं जातं. आर्किटेक्चर सगळ्यात शेवटी जातं, कधीकधी जातच नाही. पण ही पायरी कायमची नसते, इंटेलचा सहा कोरचा झिऑन ७४०० (२००८) मुख्यतः बंगळूरच्या टीमने केला होता. सॉफ्टवेअरमध्ये हाच क्रम मेंटेनन्स, मग एखादं मॉड्यूल, मग अख्खं प्रॉडक्ट असा दिसतो. सेंटर किती मोठं आहे हे हेडकाउंटवरून कळतं, पण रोडमॅप (पुढे काय बनवायचं त्याचा आराखडा) कोण ठरवतं आणि प्रॉडक्ट मॅनेजर कुठे बसतो हे विचारल्याशिवाय किती काम खरंच हललं ते कळत नाही.

नोकरी कशी जाते

लेऑफची बातमी होते, पण बरंच काम त्याशिवायच सरकतं. एखादा इंजिनियर सोडून गेला की त्याचा बॅकफिल (त्याच्या जागी नवी भरती) दुसऱ्या देशात उघडतात, जुन्या टीमकडून केटी (नॉलेज ट्रान्सफर, कामाची माहिती सोपवणं) घेतात, दोन-तीन वर्षांत ती टीम आपोआप छोटी होते आणि कुणाला काढल्याची कुठेच नोंद नसते. अभ्यासात हा भाग फार थोडा येतो आणि ते खटकतं, कारण केटी देणाऱ्या माणसाला आपण आपलीच जागा सोपवतोय हे पूर्ण माहीत असतं. अमेरिकेत परदेशी व्यापारामुळे काम गेलेल्यांसाठी ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स ही योजना होती, पण सॉफ्टवेअर ही वस्तूच नाही असं म्हणून प्रोग्रामरांचे अर्ज फेटाळले जायचे. कोर्टातल्या लढाईनंतर २००६ मध्ये धोरण बदललं, २००९ मध्ये सेवा क्षेत्रही आलं, आणि १ जुलै २०२२ पासून योजनेत नवे अर्ज घेणंच थांबलं.

कारणांबद्दलची मतं

अर्थशास्त्रज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९६६ मध्ये मांडलं की नवं प्रॉडक्ट घरच्या बाजाराजवळ जन्मतं आणि स्थिरावलं की बाहेर जातं. १९७९ मध्ये त्यांनी स्वतःच हे पूर्वीइतकं लागू पडत नाही असं लिहिलं. पटेल आणि पॅव्हिट या संशोधकांनी १९९१ मध्ये पेटंटांवरून दाखवलं की मोठ्या कंपन्यांचं तंत्रज्ञान अजून घरीच तयार होतंय, पण व्हेरिफिकेशनसारख्या कामातून फारसे पेटंट निघत नाहीत, तेव्हा हा पुरावा डीबद्दल कमीच बोलतो. संशोधक वॉल्टर क्युमर्ले (१९९७) यांची विभागणी जास्त उपयोगी आहे: काही सेंटरं घरचं ज्ञान बाहेर वापरायला काढलेली असतात, काही बाहेरचं ज्ञान घरी आणायला.

फक्त स्वस्त पगार हे कारण पुरत नाही. संशोधक ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासात दिसलं की २००४ मध्ये एच-१बी व्हिसाची (कुशल परदेशी कामगारांसाठीचा अमेरिकन व्हिसा) वार्षिक मर्यादा १,९५,००० वरून परत ६५,००० वर आल्यानंतर या व्हिसावर अवलंबून असलेल्या कंपन्यांनी परदेशातली भरती वाढवली, विशेषतः भारत, चीन आणि कॅनडात. म्हणजे माणूस आत येऊ दिला नाही तर काम बाहेर गेलं.

पैसा आणि कर

कॅप्टिव्ह सेंटर सहसा कॉस्ट-प्लसवर चालतं: झालेला खर्च अधिक ठरलेलं मार्जिन मूळ कंपनी देते आणि पेटंट, कोड सगळं तिच्या नावावर राहतं. हे मार्जिन किती हा कर खात्यांचा आवडता वाद. भारताने २०१३ च्या सेफ हार्बर नियमांत (इतकं मार्जिन दाखवलं तर कर खातं वाद घालत नाही) सॉफ्टवेअर आरअँडडीसाठी ते ३० टक्के धरलं होतं, २०१७ मध्ये २४ टक्के केलं. अमेरिकेत २०१७ च्या कर कायद्यामुळे २०२२ पासून आरअँडडीचा खर्च एकदम वजा करता येईना, देशातला पाच वर्षांत आणि परदेशातला पंधरा वर्षांत वाटायचा. २०२५ मध्ये देशातल्या खर्चाची सवलत परत आली, परदेशाचे पंधरा तसेच राहिले.

पुन्हा हलणं

एकदा परदेशी गेलेलं काम तिथेच राहतं असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आयबीएमने चीनमधलं आरअँडडी बंद करत असल्याचं सांगितलं, हजाराहून जास्त लोकांच्या नोकऱ्या त्यात होत्या, आणि त्यावेळच्या बातम्यांनुसार ते काम अमेरिकेत परत न येता कंपनीच्या इतर परदेशी सेंटरांकडे जाणार होतं.