सुट्टीत ड्युटी लागली म्हणजे रजा बुडाली?

शिक्षकांच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं एक वाक्य फिरतंय: 'आपण व्हेकेशनवाले, आपल्याला अर्जित रजा (कामाच्या बदल्यात साठणारी भरपगारी रजा) नाही. मे महिन्यात बोलावलं तर ते फुकट.' केंद्र सरकारच्या रजा नियमांखाली येणाऱ्या शिक्षकांपुरतं तरी हे साफ चूक आहे. (राज्याचे नियम वेगळे, त्यांची इथे सरमिसळ नको.)

केंद्राच्या या रजा नियमांतल्या नियम २८ नुसार अशा शिक्षकाच्या खात्यात दरवर्षी १० दिवस अर्जित रजा जमा होते. ५ दिवस जानेवारीत, ५ दिवस जुलैत. सुट्टीचा काही भाग कामात गेला, तर २० दिवसांच्या प्रमाणात आणखी. समजा वर्षाची सुट्टी ६० दिवस आणि त्यातले १२ ड्युटीत गेले: २० गुणिले १२ भागिले ६०, म्हणजे ४ दिवस जादा. ड्युटीमुळे १५ पेक्षा जास्त दिवस बुडाले, तर ती सुट्टी घेतलीच नाही असं धरतात.

मेख आहे ती आदेशात. सुट्टीत कामावर बोलावल्याचा वरिष्ठांचा लेखी आदेश हातात असू द्या. 'सर, जरा येऊन जा' अशा फोनवर क्लार्क रजा जमा करणार नाही, आणि त्यात त्याचं चूकही नाही.

प्रभारी मुख्याध्यापकाला आपोआप जादा पगार मिळतो, हीदेखील अफवाच. केंद्राच्याच मूलभूत नियमांतल्या (फंडामेंटल रूल्स) नियम ४९ प्रमाणे नुसता दैनंदिन कामाचा चार्ज असेल तर काहीच मिळत नाही. रीतसर नेमणुकीचा आदेश आहे का, तेवढं आधी बघा.