हायरिंग मॅनेजर

नवा माणूस रुजू झाल्यावर ज्याच्या हाताखाली काम करणार आहे, त्या थेट वरिष्ठाला भरतीपुरते हायरिंग मॅनेजर म्हणतात. हे कायमचे पदनाम नव्हे. लेखा विभागाचा प्रमुख, गोदामाचा व्यवस्थापक, सॉफ्टवेअर टीमचा लीड, रुग्णालयातील मेट्रन, कोणाकडेही जागा रिकामी झाली की ती भरेपर्यंत ही जबाबदारी त्याच्याकडे असते, आणि रोजचे कामही सुटलेले नसते.

रिक्रुटर आणि हायरिंग मॅनेजर यांच्यात उमेदवारांची नेहमी गल्लत होते. जाहिरात देणे, सीव्ही गोळा करणे, पहिला फोन, मुलाखतीच्या वेळा जुळवणे, पगाराची बोलणी ही रिक्रुटरची, म्हणजे एचआरची कामे. काय काम आहे, त्याला कसा माणूस लागेल आणि आलेल्यांपैकी कोण घ्यायचा, हे हायरिंग मॅनेजर ठरवतो. माणूस रुजू झाला की रिक्रुटर पुढच्या जागेकडे वळतो. निवड चुकली तर निस्तरावे लागते ते मॅनेजरला. बहुतेक ठिकाणी शेवटचा शब्द त्याचा असतो, तो यामुळेच.

हा अधिकार पूर्वी याहून मोठा होता. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी कारखान्यांत मुकादम फाटकाशी जमलेल्या गर्दीतून माणसे निवडी आणि मनात येईल तेव्हा काढूनही टाकी. नातलगांची वर्णी आणि चिरीमिरी हे ओघाने आलेच. १९०१ मधील कामगार तंट्यानंतर नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने कामगारांसाठी स्वतंत्र विभाग काढला. आजच्या एचआर विभागांची सुरुवात अनेकदा तिथून सांगितली जाते. फोर्ड मोटर कंपनीला १९१३ साली सुमारे १४ हजार कामगारांचे बळ टिकवण्यासाठी वर्षभरात ५२ हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली. त्याच वर्षी तिने कामावरून काढण्याचा मुकादमांचा अधिकार काढून घेतला. आजचा हायरिंग मॅनेजर हा त्या मुकादमाचाच वारस, फक्त सहीसाठी त्याला आता आणखी दोघांकडे जावे लागते.

त्याचे काम जाहिरातीच्या बरेच आधी सुरू होते. आधी जागा मंजूर करून घ्यायची. मग रिक्रुटरसोबत बसून गरज नीट सांगायची. ही बैठक बहुधा पंधरा मिनिटांत उरकली जाते आणि पुढचा बराच घोळ इथेच जन्माला येतो. सोडून गेलेल्या माणसाचे जुने जेडी, म्हणजे कामाचे वर्णन, तारीख बदलून पुढे ढकलले जाते. त्यात त्या माणसाला येणाऱ्या साऱ्या गोष्टी ‘आवश्यक’ म्हणून येतात, त्याला कधीच न जमलेली कामे मात्र राहून जातात. जाणते मॅनेजर उलटीकडून सुरुवात करतात: पहिल्या सहा महिन्यांत या माणसाने नेमके काय करून दाखवायचे? उत्तर लिहून काढले की पंधरा अटींपैकी चार-पाचच उरतात. बाकीच्या शिकवता येतात.

सीव्हींची चाळणी त्यामानाने सोपी.

मुलाखतीत मात्र मॅनेजरचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास आड येतो. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा मॅनेजरांनी विक्रेत्याच्या कामासाठी आलेल्या त्याच ३६ उमेदवारांना पारखले. त्यांतील २८ जण वरच्या निम्म्यात बसतात की खालच्या, यावरही त्यांचे एकमत झाले नाही. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी दाखवले, की एखाद्याचा एक गुण डोळ्यांत भरला की पाहणारा त्याच्या बाकीच्या गुणांनाही चढे माप देतो. मुलाखतीत हे काम सफाईदार बोलणे करते. शिवाय जागा रिकामी असल्याने मॅनेजर आधीच कामाने वाकलेला असतो आणि समोरचा ‘चालून जाईल’ असे त्याला पटकन वाटते.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांचे संशोधन एकत्र तपासले. मुलाखतीतील गुण आणि पुढचे काम यांच्या मेळाचा आकडा गप्पावजा मुलाखतीला ०.३८ आला, ठरवून बांधलेल्या मुलाखतीला ०.५१. पूर्ण मेळ म्हणजे १. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे हिशेब पुन्हा मांडले, तेव्हा बांधीव मुलाखतीचा आकडा ०.४२ पर्यंत उतरला, तरी निवडीच्या पद्धतींत ती पहिल्या क्रमांकावर आली. बांधीव म्हणजे सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि कोणत्या उत्तराला किती गुण हे आधीच ठरलेले. पॅनेलमधल्या प्रत्येकाने चर्चेआधी आपापले गुण लिहावेत आणि मॅनेजरने शेवटी बोलावे, हेही त्याला जोडून येते. साहेबांचे मत आधी कळले की बाकीच्यांचे गुण तिकडे झुकतात.

काही कंपन्यांनी मॅनेजरच्या घाईला लगामच घातला आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये मुलाखतींत ‘बार रेझर’ नावाचा टीमबाहेरचा माणूस बसतो आणि तो नकार देऊ शकतो. गूगलने निर्णय मॅनेजरऐवजी समितीकडे देण्याची पद्धत रूढ केली. मॅनेजरांना हे फारसे रुचत नाही, आणि त्यांची तक्रार अगदीच पोकळ नाही: समितीला त्या माणसासोबत रोज बसायचे नसते.

निवड झाल्यावर मॅनेजर सुस्तावतो, तेही चुकते. ऑफर स्वीकारल्यापासून नोटिस पीरियड संपेपर्यंत उमेदवाराला दुसरीकडूनही बोलावणी येत असतात. या काळात होणाऱ्या वरिष्ठाचा एखादा फोन एचआरच्या मेलपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पहिल्या आठवड्याचे काम आखणे आणि प्रोबेशन संपताना माणूस कायम करायचा की नाही हे सांगणे, हेही त्याच्याकडेच येते. त्या वेळी मुलाखतीची टिपणे काढून आपला अंदाज कुठे चुकला हे पडताळता येते. पण तोवर ती टिपणे बहुधा सापडत नाहीत.