अपघाती गोळीबार (मराठवाडा)

धरणाऱ्याच्या मनात नसताना बंदूक, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटणे म्हणजे अपघाती गोळीबार. बोलीत याला ‘बार उडणे’ म्हणतात. ‘साफ करताना बार उडाला’, ‘गोळी चुकून सुटली’ या वाक्यांत करणारा कुठेच नसतो. पिकला आंबा गळावा तशी गोळी आपोआप सुटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात सुस्थितीतले शस्त्र चाप ओढल्याशिवाय सहसा सुटत नाही. म्हणून प्रशिक्षक दोन गोष्टी वेगळ्या मानतात: भाग झिजून किंवा तुटून बार उडाला तर अपघात, चापावर बोट गेल्याने उडाला तर हयगय.

मराठवाड्यात परवान्याची बंदूक बँकेच्या दारात, पुढाऱ्यांच्या कमरेला आणि काही शेतकऱ्यांच्या घरी दिसते. डिसेंबर 2024 मधील मस्साजोग (ता. केज) येथील सरपंचाच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातले परवाने पुन्हा तपासले गेले आणि अनेक रद्द झाले. शेतातली बंदूक मात्र वेगळ्या गरजेतून आली. सोयाबीन, तूर, भुईमुगात रानडुकरे आणि रोही (नीलगायी) शिरतात. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये पीकराखणीसाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून भरायच्या) बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. तो परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी 1972 चा वन्यजीव कायदा पाहावा लागतो.

ठासणीची बंदूक सर्वांत फसवी. दारू, चिंधी आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासतात, त्यामुळे भरलेली की रिकामी हे बाहेरून कळत नाही. रात्री राखणीला भरली आणि जनावर आलेच नाही, तर भरणा सहज काढता येत नाही. मग ती तशीच आखाड्यावर (शेतातल्या कोठ्यात) भिंतीला टेकून राहते. तपासायची रीत सोपी आहे. ठासायचा गज नळीत जाईल तितका सोडायचा, तोंडाशी खूण करायची आणि बाहेरून नळीवर धरून पाहायचा. गज बुडापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे.

बारा बोअरची दुनळी मोडून उघडली की काडतुसाचे पितळी बूड दिसते. जुन्या, बाहेर घोडे (काडतुसाच्या पिनेवर आपटणारे हातोडे) असलेल्या दुनळीचा घोडा पिनेवर टेकलेला असताना ती दगडी फरशीवर आपटली तरी बार उडू शकतो. पिस्तुलाचा घोटाळा निराळा: मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत जीवघेणी आहे, कारण एक गोळी नळीच्या घरात राहिलेली असू शकते. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली नवी गोळी पुन्हा आत जाते. गावठी कट्ट्याला तर सेफ्टी नसतेच बहुधा, आणि कच्च्या लोखंडाची नळी धरणाऱ्याच्या हातातच फुटू शकते.

अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम जगभर शिकवतात: प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे, ज्याचा नाश नको त्यावर नळी रोखू नये, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे, लक्ष्य आणि त्यामागे काय आहे ते ओळखावे. एक नियम मोडला तरी उरलेले बहुधा जीव वाचवतात. नळी जमिनीकडे असेल तर उडालेला बार मातीत जातो.

कायद्याने ‘चुकून’ हा शब्द पूर्ण सुटका करत नाही. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने निष्काळजीपणे किंवा लग्न-समारंभात हर्षाने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये ती 2 वर्षांपर्यंतच होती. वरातीत हवेत झाडलेली गोळी खाली येणारच असते आणि कुणालाही लागू शकते, हे ध्यानात घेतले तर ही शिक्षा जड वाटत नाही.

खंडेनवमी-दसऱ्याला शस्त्रे बाहेर निघतात, पुसली जातात, पूजेला मांडली जातात, आणि भोवती घरची पोरे असतात. हळदी-कुंकू वाहण्याआधी शस्त्र दोन जाणत्यांनी उघडून पाहावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत. परवानाधारक वारल्यावर त्याची बंदूक आठवण म्हणून ट्रंकेत ठेवता येत नाही. वारसाला परवाना नसेल तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. अशी ट्रंक उघडताना आतली बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे, कारण ती शेवटी कुणी आणि कशी ठेवली हे सांगणारा घरात उरलेला नसतो.