बेंचवरचा दुसरा माणूस : क्लीनरूममधल्या एका वादग्रस्त नियमाची पार्श्वभूमी

हायड्रोफ्लोरिक आम्ल (एचएफ) हाताळताना एकट्याने काम करायचे नाही, हा नियम आज विद्यापीठांतल्या जवळपास प्रत्येक नॅनोफॅब्रिकेशन क्लीनरूमच्या (चिपसारख्या अतिसूक्ष्म रचना बनवण्याच्या धूळमुक्त खोलीच्या) नियमावलीत कोणत्या ना कोणत्या रूपात सापडतो. एकमत तेवढ्यापुरतेच आहे. हा दुसरा माणूस, म्हणजे ‘बडी’, नेमका कुठे असायला हवा? शेजारच्या बेंचवर, काचेपलीकडच्या यलो रूममध्ये (पिवळ्या दिव्यांच्या लिथोग्राफीच्या खोलीत), की इमारतीत कुठेही असला तरी चालतो? रात्री अडीचला तो कोण असणार? आणि तो नसल्याने काही घडले तर उत्तर कोणी द्यायचे? या प्रश्नांवर दोन प्रयोगशाळांचे उत्तर सहसा जुळत नाही. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आजच्या क्लीनरूमचा जन्म १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, अण्वस्त्रांच्या सुट्या भागांवर धूळ बसू नये म्हणून झाला. छताकडून जमिनीकडे सरळ वाहणाऱ्या गाळलेल्या हवेची कल्पना तिथल्या एका भौतिकशास्त्रज्ञाची. १९६३ मध्ये त्यावर सरकारी मानक निघाले, १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आले आणि २००१ मध्ये जुने मानक रद्द झाले. तरी ‘क्लास १००’ (घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा मोठे कण जास्तीत जास्त शंभर) हा जुन्या मानकातला शब्द काही सुटलेला नाही. या साऱ्या मानकांत मोजले जातात ते कण. आतल्या माणसाची दखल आहे ती कण सोडणारा घटक म्हणून. बनी सूट (अंगभर झाकणारा पोशाख), टोपी, मास्क ही सगळी व्यवस्था वेफरला, म्हणजे ज्यावर चिप बनते त्या सिलिकॉनच्या चकतीला, माणसापासून वाचवण्यासाठी उभी राहिली. हातमोज्यांचेही तसेच. ऑक्साइडच्या थरात घामातले सोडियम शिरले की ट्रान्झिस्टर बिघडतो, हे १९६०च्या दशकात लक्षात आले आणि पातळ हातमोजे सक्तीचे झाले. तेच पातळ हातमोजे घालून आम्लाची बाटली उचलणारे युजर आजही दिसतात, कारण आपण ‘प्रोटेक्टेड’ आहोत असे त्यांना मनापासून वाटत असते.

हवेबद्दलही असाच गैरसमज आहे. क्लीनरूममधली बरीचशी हवा गाळून पुन्हा आतच सोडली जाते. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, पण ॲसिटोनची वाफ त्याला अडवता येत नाही. म्हणून एका बेमधला (क्लीनरूमच्या कप्प्यातला) वास काही मिनिटांत दुसऱ्या बेमध्ये येतो. खोली जितकी स्वच्छ तितकी ती माणसासाठी सुरक्षित, असे समीकरण इथे मांडता येत नाही.

रसायने मात्र फारशी बदललेली नाहीत. अमोनिया, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेरॉक्साइड वापरून वेफर धुण्याची आरसीए पद्धत १९६५ मध्ये बसवली गेली आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. आज पीएचडीच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी तीच शिकतो, आणि शेवटी नेटिव्ह ऑक्साइड (सिलिकॉनवर आपोआप बसलेला पातळ थर) काढायला पातळ एचएफमध्ये वेफर बुडवतो.

१९८०च्या दशकात कारखान्यांचे पितळ उघडे पडले. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा परगण्यात चिप कारखान्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांतून सॉल्व्हंट भूजलात गळत असल्याचे निघाले. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्याच्या अभ्यासात फॅबमध्ये (चिप बनवण्याच्या विभागात) काम करणाऱ्या स्त्रियांमधले गर्भपाताचे प्रमाण जास्त दिसले. संशय फोटोरेझिस्टमधल्या (वेफरवरच्या प्रकाशसंवेदी लेपातल्या) ग्लायकॉल इथर या सॉल्व्हंटवर गेला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला आणि उद्योग हळूहळू दुसऱ्या सॉल्व्हंटकडे वळला. १९८०च्या दशकातला सर्वांत मोठा धक्का मात्र आपल्याकडून गेला. डिसेंबर १९८४च्या भोपाळनंतर, आर्सिन आणि फॉस्फिनची सिलिंडरे वस्तीच्या मधोमध ठेवणाऱ्या त्या परगण्याला घाम फुटला आणि १९९०च्या सुमारास तिथे विषारी वायूंसाठी स्वतंत्र स्थानिक नियम आले. हवा ओढून घेणारे बंदिस्त गॅस कॅबिनेट, दुहेरी भिंतीच्या नळ्या, गळती होताच आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह ही तिथे रूढ झालेली व्यवस्था पुढे यंत्रांसोबत भारतातल्या प्रयोगशाळांत ‘स्पेसिफिकेशन’ म्हणून आली. भोपाळचा धडा कॅलिफोर्नियाचा फेरा मारून पवईत, म्हणजे आयआयटी मुंबईत, पोहोचला, असे म्हटले तर चुकीचे ठरणार नाही.

विद्यापीठांचा प्रवेश १९७७चा. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकामध्ये अमेरिकी सरकारच्या पैशांतून पहिली राष्ट्रीय सामायिक सुविधा उभी राहिली: कुठल्याही विद्यापीठाच्या संशोधकाने यावे, प्रशिक्षण घ्यावे, यंत्र वापरावे. ‘युजर’ ही जमात तिथे रूढ झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता आणि त्याची चर्चा फार कमी होते. कारखान्यातला कामगार वर्षानुवर्षे एकच पायरी करतो. विद्यार्थी लिथोग्राफी (वेफरवर आकृती उमटवणे), एचिंग (नको तो थर काढणे), फर्नेस, मेटल असे सगळे स्वतः करतो, दर वेळी वेगळ्या रेसिपीने, आणि हात बसतो न बसतो तोच डिग्री घेऊन निघून जातो. त्याच्या जागी नवा येतो. अनुभव साचतो तो यंत्र सांभाळणाऱ्या दोन-चार तंत्रज्ञांकडे, आणि ते संध्याकाळी सहाला घरी जातात.

आता मूळ मुद्दा.

दोन माणसांच्या नियमाचे समर्थक नेहमी एचएफचे उदाहरण देतात, आणि ते योग्यच आहे. हे तांत्रिक अर्थाने दुर्बल आम्ल असल्यानेच घातक ठरते. रेणू फारसा विभागला जात नसल्याने तो त्वचेतून सरळ आत उतरतो, आणि मग फ्लोराइड रक्तातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून बसते. मृत्यू भाजल्याने येतोच असे नाही; हृदयाचे ठोके बिघडूनही येतो. वीस टक्क्यांहून पातळ असेल तर वेदना कधी कधी चोवीस तासांनी सुरू होते, त्यामुळे ‘काही झाले नाही’ म्हणत युजर जेवायला निघून जातो. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये एका प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या मांडीवर ७० टक्के एचएफ सांडले. सांडलेले आम्ल पाव लिटरपेक्षा कमीच होते. हातात दुहेरी हातमोजे होते, पण ॲप्रन नव्हता. भिजलेले कपडे काढले गेले नाहीत, फ्लोराइडला बांधून ठेवणारे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावले गेले नाही. असह्य होऊन तो इमारतीमागच्या पोहण्याच्या तलावात उतरला. पाय कापावा लागला, आणि पंधराव्या दिवशी तो गेला. ही प्रयोगशाळा क्लीनरूम नव्हती, पण क्लीनरूमच्या प्रशिक्षणात ही कहाणी हटकून सांगतात. कपडे काढणे, शॉवर, जेल, फोन आणि ‘हे एचएफ आहे’ हे दवाखान्यात ठणकावून सांगणे ही पाच कामे वेदनेत तडफडणारा माणूस एकट्याने करू शकत नाही. शेवटचे काम तर सर्वांत अवघड, कारण नेहमीच्या ‘ॲसिड बर्न’वर उपचार करणाऱ्या डॉक्टरला कॅल्शियम आठवेलच असे नाही.

विरोधकांचे म्हणणेही पोकळ नाही. ते १९९१चे ओसाका पुढे करतात. तिथल्या विद्यापीठात सीव्हीडी यंत्राला (वायूंपासून पातळ थर चढवणाऱ्या यंत्राला) जोडलेल्या सायलेन या हवेत आपोआप पेटणाऱ्या वायूच्या सिलिंडरचा स्फोट होऊन दोन विद्यार्थी ठार झाले आणि पाच जण जखमी झाले. नळ्यांतला उरलेला वायू हुसकावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सामायिक नळीतून, खराब झालेल्या चेक व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने वाहू देणाऱ्या झडपेतून), नायट्रस ऑक्साइड उलटे सायलेनच्या सिलिंडरात शिरले होते. त्याच्या तीन वर्षे आधी न्यू जर्सीत अशाच मिश्रणाच्या स्फोटात तिघे मेले होते. अशा ठिकाणी सोबतीला ठेवलेला दुसरा माणूस म्हणजे बळींच्या यादीत आणखी एकाची भर. वायूंना उत्तर नळ्यांच्या रचनेत, डिटेक्टरमध्ये आणि इंटरलॉकमध्ये (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणाऱ्या व्यवस्थेत) आहे. दारावरच्या रजिस्टरमध्ये दोन सह्या असून काही होत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा. यंत्रे थोडी, युजर पुष्कळ, स्लॉट मिळतो तो रात्रीचा. ऑक्सिडेशनसारखे फर्नेसचे काम तासन्‌तास चालते. त्यात दुसऱ्याची रात्र का वाया घालवायची? शिवाय माणूस वाढला की कणही वाढतात, हे आहेच.

या दोन्ही बाजू वेगवेगळ्या धोक्यांबद्दल बोलत आहेत, आणि नियम करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी त्यांची सरमिसळ केली. द्रवांसाठी दुसरा माणूस हाच उपाय आहे. वायूंसाठी तो उपाय नाहीच. पण नियम लिहिला गेला तो ‘क्लीनरूममध्ये किमान दोन व्यक्ती’ असा, म्हणजे दारावर मोजता येईल असा. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. एक जण एचएफच्या बेंचवर, दुसरा दोन भिंतींपलीकडे एसईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) कानात इअरफोन घालून. कागदावर दोघे ‘सोबत’. काही ठिकाणी त्याहून पुढे जाऊन कंट्रोल रूममधल्या कॅमेऱ्याला बडीचा दर्जा मिळाला. कॅमेरा जेल लावत नाही, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी. नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात, त्याच बेंचच्या प्रशिक्षणात पास झालेला आणि त्या वेळात दुसरे काही न करणारा माणूस, अशी व्याख्या लिहिणाऱ्या सुविधा आहेत. मात्र युजरच्या तक्रारीही त्यांच्याच वाट्याला जास्त येतात.

वाद इतका चिघळण्यामागे कायद्याची एक पोकळी आहे. २००८च्या अखेरीस लॉस एंजेलिसमधल्या एका विद्यापीठात हवेत पेटणाऱ्या रसायनामुळे भाजलेली एक तरुण संशोधक पुढच्या महिन्यात दगावली. ती पगारी कर्मचारी होती, म्हणून राज्याच्या कामगार-सुरक्षा खात्याने दंड केला आणि पुढे फौजदारी खटलाही उभा राहिला. २०११ मध्ये कनेक्टिकटमधल्या विद्यापीठात रात्री एकटीच लेथवर काम करणारी विद्यार्थिनी गेली. ती कर्मचारी नव्हती, त्यामुळे संघराज्याच्या सुरक्षा खात्याने त्रुटी दाखवणारे पत्र लिहिले, पण दंड करणे त्याच्या अधिकारात नव्हते. रात्री एकट्याने काम करण्यावर बऱ्याच विद्यापीठांनी निर्बंध आणले ते यानंतरच.

आपल्याकडे हीच पोकळी आणखी रुंद आहे. १९४८चा कारखाना कायदा भोपाळनंतर १९८७ मध्ये बराच कडक झाला, पण तो कारखान्यापुरता होता. विद्यापीठाची प्रयोगशाळा त्यात बसत नव्हती आणि फेलोशिपवरचा विद्यार्थी ‘कामगार’ ठरत नव्हता. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचा मजकूरही कामगार आणि कर्मचारी यांच्याभोवतीच फिरतो. सिलिंडरांवर नियंत्रण आहे ते नागपुरात मुख्यालय असलेल्या केंद्रीय खात्याचे, २०१६च्या नियमांनुसार. मात्र ते सिलिंडर आणि साठा पाहते, बेंचवर कोण उभे आहे ते नाही. उरते ती संस्थेची अंतर्गत समिती, म्हणजे नियम करणारी, तपासणारी आणि सूट देणारी एकच मंडळी. डिसेंबर २००९ मध्ये तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात आगीत दोन तरुण संशोधक गेले, डिसेंबर २०१८ मध्ये बेंगळुरूत वायूच्या स्फोटात एक. दोन्ही ठिकाणे क्लीनरूम नव्हती. पण असे प्रसंग घडले की क्लीनरूमच्या नियमावल्यांकडेही पुन्हा पाहिले जाते, एवढाच संबंध.

भारतातल्या क्लीनरूमचा आजचा काळ २००६ पासूनचा. मोहालीचा सरकारी चिप कारखाना १९८९ मध्ये आगीत खाक झाल्यानंतर या क्षेत्रातली शिकवणूक मुख्यतः शिक्षणसंस्थांच्या अंगावर पडली होती. २००६ मध्ये पवई आणि बेंगळुरू इथे केंद्र सरकारच्या पैशांतून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे आली, आणि २००८ पासून देशभरातल्या कॉलेजांतल्या संशोधकांना ती खुली झाली. योजना उत्तम होती. जळगाव किंवा सोलापूरच्या प्राध्यापकाला ई-बीम लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनच्या झोताने अतिसूक्ष्म आकृती काढणे) हाताळता येणे ही त्याआधी अशक्य गोष्ट होती. पण बाहेरून थोड्या दिवसांसाठी आलेल्या युजरला सोबत कोणाची? यजमान संस्थेतला पीएचडीचा विद्यार्थी स्वतःचा स्लॉट सोडून बडी म्हणून उभा राहिला, तर त्याच्या वेळेचा हिशेब कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता.

दरम्यान धोक्यांची यादीही वाढत गेली. लिथोग्राफीत आकृती उघडी करायला रोज वापरला जाणारा टीएमएएच डेव्हलपर कित्येक वर्षे साधा अल्कली समजला जाई. तैवानमध्ये २५ टक्के टीएमएएच अंगावर पडून कामगार मेले, तेव्हा ते मज्जासंस्थेवर आघात करून श्वास बंद पाडते हे सर्वांच्या लक्षात आले. कामाच्या जागी हवेत आर्सिन किती चालेल याची आठ तासांची मर्यादा अब्जात ५० भाग होती. मर्यादा सुचवणाऱ्या एका प्रभावी अमेरिकी संघटनेने ती ५ वर आणली, आणि तोवर बसवलेल्या डिटेक्टरांचे अलार्म कुठल्या आकड्यावर लावायचे, हा नवाच घोळ सुरू झाला.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना जाहीर केली आणि सोबत ८५,००० अभियंते तयार करण्याचे लक्ष्य ठेवले. त्यातल्या सगळ्यांना क्लीनरूम लागणार नाही, पण ज्यांना लागेल ते याच मूठभर सुविधांच्या दारात उभे आहेत. अल्प मुदतीच्या प्रशिक्षणाच्या बॅचमध्ये बेंचवर दोन माणसे सहज मिळतात. फक्त दोघेही त्याच आठवड्यात आलेले असतात. म्हणून काही ठिकाणी आता एचएफ आणि पिरान्हाची (सल्फ्युरिक आम्ल आणि पेरॉक्साइडच्या मिश्रणाची) कामे तंत्रज्ञ हजर असतात त्या वेळेतच करू देतात आणि रात्र फर्नेस, लिथोग्राफी नि मोजमापासाठी ठेवतात. त्यामुळे दिवसाच्या वेट बेंचची (रसायनांच्या बेंचची) रांग लांबली आहे, आणि प्रबंध अडला म्हणून सूट मागणाऱ्या गाइडचे अर्ज समितीपुढे येऊन पडतात.