अनुदिनी, जालनिशी, ब्लॉग : रोज न लिहिणाऱ्यांची पार्श्वभूमी

बडोद्यातून मराठीत ब्लॉग लिहिणारे माझ्या माहितीत दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यातले बहुतेक २००५ ते २०१३ या आठ वर्षांत आले आणि गेले. म्हणून हे टिपणही मुख्यतः त्याच वर्षांचं आहे. आधीचं झटपट आटोपते.

‘वेब्लॉग’ हा शब्द डिसेंबर १९९७ मधला. १९९९ मध्ये एकाने गंमत म्हणून तो भलत्या ठिकाणी तोडून ‘वी ब्लॉग’ असा लिहिला आणि जगाने शेपटी तेवढी ठेवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लॉगर ही फुकट ब्लॉग उघडून देणारी साइट सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली, मे महिन्यात वर्डप्रेस हे ब्लॉगचंच दुसरं साधन आलं. या सगळ्याचा आमच्या दांडिया बाजाराला काही पत्ता नव्हता. मराठी टाइप करायचं म्हणजे शिवाजी किंवा श्री-लिपी. त्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. प्रत्येक मराठी वर्तमानपत्राच्या साइटचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून घ्यायचा आणि मग अग्रलेख वाचायचा.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत. तिच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण घरातला संगणक तिथवर यायला दहा-पंधरा वर्षं गेली. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण करावी लागे, आणि ती केली की मशीन मूळ सीडी मागे. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याकडे सीडी नव्हती. का नव्हती ते आम्ही कधी विचारलं नाही. त्यामुळे तिथे माझी पहिली नोंद उघडली तेव्हा सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या पुढे जाऊन बसल्या होत्या आणि त्यांच्याखाली ठिपक्यांची वर्तुळं. घरी सीडी मिळवून ते सरळ केलं, तर आई पडद्याजवळ येऊन म्हणाली, “हा ल आपला नाही गं.” खरंच नव्हता. विंडोजबरोबर येणाऱ्या मंगल फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे होते.

ब्लॉग सुरू करून दोन महिने होत नाहीत तोच जुलै २००६ उजाडला. ११ तारखेला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. त्याच आठवड्यात केंद्राच्या संबंधित खात्याने दीडएक डझन पत्ते बंद करण्याचा आदेश काढला. त्यातले काही ब्लॉगस्पॉटवरचे, म्हणजे ब्लॉगरवरचे ब्लॉग जिथे दिसत तिथले, होते. इंटरनेट पुरवणाऱ्यांनी तेवढेच बंद करण्याऐवजी सबंध ब्लॉगस्पॉटला कुलूप घातलं. मी दोन दिवस समजत होते की आपणच काहीतरी बिघडवलंय. मग कळलं की पाकिस्तानात त्याच वर्षी आधी ब्लॉगस्पॉट बंद झाला होता, आणि तिथल्या लोकांनी आपल्यापुरतं एक मागचं दार करून ठेवलं होतं. त्या दारातून मी बडोद्यात बसून माझीच मराठी नोंद वाचली.

आता शब्दाकडे येते.

ब्लॉगला मराठीत काय म्हणायचं यावर त्या काळात भरपूर शाई, म्हणजे बाइट, सांडले. मुख्य उमेदवार दोन, ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं त्या हिशोबाने वाचता येईल. अनुदिनी या शब्दाने आमचं नुकसान केलं.

अनुदिन म्हणजे दररोज. समर्थांच्या करुणाष्टकांचा पहिला शब्द तोच. आमच्याकडे दिवेलागणीला म्हटली जायची, त्यामुळे ‘अनुदिनि’ म्हटलं की जिभेवर आपोआप ‘अनुतापे’ येतं. रोजचा पश्चात्ताप. ब्लॉग ठेवणाऱ्याची मनःस्थिती अगदी हीच. माझ्या ओळखीत रोज लिहिणारा एकही नव्हता. नोकरी, मुलांच्या परीक्षा, घरातलं आजारपण यांतून आठवड्याला एक नोंद झाली तरी खूप. पण नावच ‘दररोजची’ असल्यावर आठवड्याला एक लिहिणाराही सहा दिवस गुन्हेगार. म्हणून जवळजवळ प्रत्येक ब्लॉगवर एक ठरावीक नोंद सापडते : “बरेच दिवसांत इकडे फिरकलो नाही, क्षमस्व.” माझ्या ब्लॉगवर तशा अकरा आहेत. मोजल्या. कुणाची क्षमा मागत होतो? वाचक चौदा, त्यात भाऊ दोन ठिकाणांहून उघडायचा.

अनुदिनीच्या बाजूचे म्हणत की रोजनिशी तरी कोण रोज लिहितं? मुद्दा बरोबर आहे. पण रोजनिशी कुलूपबंद कपाटात असते, तिच्यातली कोरी पानं शेजाऱ्यांना दिसत नाहीत. दुसरं म्हणजे अनुदिनी हे मूळचं क्रियाविशेषण. त्याला ओढून स्त्रीलिंगी नाम केलं, मग अनेकवचन ‘अनुदिन्या’ आणि लिहिणारा ‘अनुदिनीकार’. वाचताना चालून जातं. बोलून बघा. रावपुऱ्यात चहा पिताना “माझी अनुदिनी वाचलीस का?” असं मी एकदाच विचारलं, समोरच्याला वाटलं मी कुठलं व्रत धरलंय.

जालनिशीचं कूळ आमच्या गावाला जवळचं. ‘निशी’ फारसी लिहिण्यावरून आली, ‘नवीस’मधून. फडणवीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस ही सगळी त्याच घरातली भावंडं. गायकवाडी कचेऱ्यांचं हे गाव, इथे हा प्रत्यय शब्दकोशात शोधावा लागत नाही, दारावरच्या पाट्यांवर असतो. तरी शब्द चालला नाही. एक अडचण ‘जाल’ची, म्हणजे इंटरनेटसाठी घेतलेल्या शब्दाची. मराठी माणूस जाळं म्हणतो, ‘जाल’ म्हटलं की “कुठे जाल?” आठवतं. दुसरी अडचण गमतीची. बऱ्याच जणांना निशी म्हणजे रात्र वाटली, जालनिशी म्हणजे रात्री जाळ्यावर बसणं. आणि व्युत्पत्ती चुकली तरी वस्तुस्थिती बरोबर होती! आमच्या ब्रॉडबँडच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत कितीही वापरा, मोजणी नाही. फोटो चढवायचे, साचा बदलायचा, सगळं अडीच वाजता. गजर लावून उठायचं, पाय न वाजवता बैठकीच्या खोलीत जायचं, मॉडेमचा हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत वाट बघायची.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ करवून घेतला होता, १९३१ मध्ये. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना पर्याय, आठ भाषांचे रकाने शेजारी शेजारी. तसा कुणी आठ रकान्यांचा तक्ता ब्लॉगसाठी केला असता तर आमचा हा वाद एका ओळीत मिटला असता, किंवा आठपट वाढला असता.

शेवटी जिंकला ‘ब्लॉग’च, पण तोही सरळ नाही. काही जण सबंध वहीला ब्लॉग म्हणत आणि एका लेखाला नोंद. काही जण “आज एक ब्लॉग लिहिला” म्हणत, म्हणजे लेखच ब्लॉग. पुढे वर्तमानपत्रांच्या साइटवर पगारी स्तंभालाही ब्लॉग म्हणू लागले. संपादकाने मागितलेला, संपादकाने कापलेला मजकूर, आणि नाव ब्लॉग! संपादक नको म्हणूनच तर आम्ही इकडे आलो होतो. पुण्या-मुंबईच्या दिवाळी अंकांना बडोद्याहून पाठवलेलं साभार परत यायचं, किंवा यायचंच नाही. बृहन्महाराष्ट्रातल्या लिहिणाऱ्याला ब्लॉगने दिलं ते मुख्यतः हे, की परवानगी लागत नव्हती.

परवानगी लागत नव्हती, पण तपासणी होती. आमच्या मराठीत गुजराती मुरलेली. मी लिहिलं, “मला हा कीबोर्ड फावत नाही.” गुजरातीत फावणं म्हणजे जमणं, सोयीचं पडणं. आमच्या घरात तीन पिढ्या असंच बोलतात. खाली प्रतिक्रिया आली की फावणे म्हणजे संधी साधणे, कीबोर्डला कसली संधी? दुसऱ्या एकाला ‘उत्तर खोटं आलं’ खटकलं. उत्तर चूक असतं, खोटं माणूस बोलतो. सुरुवातीला मी निमूट दुरुस्त करत गेले. नंतर सोडलं. आज जुन्या नोंदी वाचताना दुरुस्त केलेल्या निर्जीव वाटतात, राहून गेलेल्या आमच्या वाटतात.

छळायचं ते शुद्धलेखनापेक्षा र्‍य. ‘दुसऱ्या’मधला तो पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. मी आधी एक साधन वापरलं, मग दुसरं. परिणाम असा की आमच्या गावातल्या तलावावरची, ‘सुरसागरच्या दुसऱ्या काठावर’ ही माझीच नोंद मला माझ्याच ब्लॉगवर शोधून सापडेना. ॲ या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधीचे माझे सगळे ‘अॅ’ जोडकाम आहेत.

चोरीचं थोडक्यात. आधी ढकलपत्रं, म्हणजे पुढे पाठवत राहायच्या ईमेल, होती. नोंद उचलायची, नाव कापायचं, ढकलायची. ‘चोप्य-पस्ते’ (कॉपी-पेस्ट) असं आम्हीच त्याला लाडाने म्हणायचो, दुसऱ्याचं गेलेलं असेपर्यंत. पुढे व्हॉट्सॲपने तेच काम झपाट्याने केलं. माझा शेवउसळीवरचा लेख मला मामेबहिणीकडून ‘अवश्य वाचा’ म्हणून आला. पैशाचा प्रश्नच नव्हता. गूगलच्या जाहिरात योजनेत हिंदी घेतली २०१४ च्या अखेरीस, मराठीला आणखी काही वर्षं थांबावं लागलं. तोवर लिहिणारेच पांगले होते.

पांगण्याचं खापर सहसा फेसबुकवर फुटतं. मला वाटतं घाव १ जुलै २०१३ ला बसला, आवडत्या ब्लॉगांच्या नव्या नोंदी एका जागी गोळा करून देणारं गूगल रीडर बंद झालं तेव्हा. महिन्याने लिहिणाऱ्याचीही नवी नोंद रीडर निमूटपणे वाचकापुढे ठेवायचं. त्याच्याकडे ‘अनुदिन’ची अट नव्हती. ते गेल्यावर वाचकाला स्वतः येऊन बघावं लागे, आणि कोण येतं? फेब्रुवारी २०१८ मध्ये बडोद्यात ८४ वर्षांनी मराठी साहित्य संमेलन भरलं, १९३४ नंतर पहिल्यांदा. तिथे जुनी ब्लॉगवाली मंडळी भेटली. सगळ्यांनी एकमेकांना विचारलं, “अजून लिहितोस?” आणि सगळ्यांनी विषय बदलला.

मिळालं काय, याचं एकच उदाहरण देते. २००९ मध्ये मी आजोबांच्या अक्षरावर लिहिलं होतं. आयुष्यभर कचेरीत गुजराती लिहून त्यांच्या मराठीलाही शिरोरेषा उरली नव्हती. पोस्टकार्डावर सगळी अक्षरं सुटी, दोरी तुटलेल्या मण्यांसारखी. त्या नोंदीवर तेव्हा शून्य प्रतिक्रिया. चार वर्षांनी इंदूरच्या एका बाईंनी लिहिलं की त्यांचे वडील बडोद्यात नोकरीला होते, तेही असंच लिहीत, आणि घरातल्यांना वाटायचं की ते घाईत असतात. “घाई नव्हती तर,” एवढंच शेवटचं वाक्य. मग आम्ही एकमेकींना पोस्टकार्डांचे फोटो पाठवले. त्यांच्या वडिलांनी शेवटच्या कार्डावर मजकूर पुरा झाल्यावर वेगळ्या शाईने सगळ्या ओळींवर रेघा मारल्या होत्या, पट्टी घेऊन.

ब्लॉग अजून आहे. उजव्या बाजूच्या रकान्यात वर्षं आणि कंसात नोंदींची संख्या : २०२३ (१), २०१८ (१), २०१४ (२), २०१३ (९), आणि खाली २००७ (४१). ज्या वर्षी काहीच लिहिलं नाही ते वर्ष ब्लॉगर दाखवतच नाही. २०१४ च्या वर थेट २०१८ येतं.